आईच्या हाडांची घनता: उपचारातून किती सुधारणा अपेक्षित धरायची?

रानजाई

आईचं वय ७४. दोन वर्षांपूर्वी डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) केला तेव्हा कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे ३.१ आणि पूर्ण खुब्याचा उणे २.८ आला. तोवर हाड कधी मोडलेलं नव्हतं, निदान आम्हाला माहीत असलेलं तरी नाही. आठवड्यातून एकदा ॲलेंड्रोनेटची गोळी, रोजचं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व असा उपचार सुरू झाला. आई शिस्तीची. सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर गोळी, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही, हे सगळं ती काटेकोर पाळते.

नुकताच पुन्हा डेक्सा झाला. मणके उणे २.८, खुबा उणे २.७. डॉक्टर म्हणाले, "चांगलं आहे, हेच चालू ठेवू." आई मात्र रिपोर्ट बघून खचली. दोन वर्षांत निदान 'ऑस्टिओपोरोसिस' (हाडं ठिसूळ होणं) हा शेरा तरी रिपोर्टवरून जाईल अशी तिची आशा होती. भावाचं म्हणणं, गोळी लागू पडत नाहीये, जोरकस इंजेक्शन सुरू करा. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं.

या वयात नेमकं ध्येय काय ठेवायचं? टी-स्कोअर नॉर्मल होतो का कधी? नसेल, तर किती वाढला की 'बरं चाललंय' म्हणायचं आणि कधी औषध बदलायचं? अनुभव आणि माहिती दोन्ही हवं आहे.

गवतफूल

वाचतेय. सासूबाईंचंही असंच चाललंय. त्यांचा खुब्याचा आकडा तर वर्षभरात ०.१ ने खालीच गेला, त्यामुळे त्या गोळी बंद करायच्या गोष्टी करताहेत. जाणकारांनी जरूर लिहा.

सुतारपक्षी

मी बरीच वर्षं डेक्साच्या यंत्रावर काम करतो. उपचाराचं डॉक्टर मंडळी सांगतील, मी मोजमापापुरतं लिहितो, कारण निम्मी काळजी तिथेच निवळते.

टी-स्कोअर म्हणजे तुमच्या हाडाची घनता निरोगी तरुण स्त्रियांच्या सरासरीपासून किती दूर आहे, याचा आकडा. उणे १ पर्यंत नॉर्मल, उणे १ ते उणे २.५ च्या दरम्यान ऑस्टिओपेनिया, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, या रेषा जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये आखल्या. त्या निदानासाठी आखल्या होत्या. प्रगती मोजायला टी-स्कोअर फार ढोबळ पडतो. त्यासाठी रिपोर्टमध्ये शेजारीच 'ग्रॅम प्रति चौरस सेंमी' असा एक आकडा असतो, तो बघा. दोन रिपोर्टांची तुलना नेहमी त्या आकड्यावर करायची.

दुसरं म्हणजे मोजमापातली चूक. तीच व्यक्ती, तेच यंत्र, उठवून पुन्हा झोपवलं तरी आकडा थोडा हलतो. खुब्याच्या वेळी आम्ही पाय आत वळवून पट्ट्यानं बांधतो. तो जरा कमी वळला तरी मांडीच्या हाडाची मान तिरकी दिसते आणि घनता बदलते. म्हणून प्रत्येक केंद्रानं स्वतःची 'किमान अर्थपूर्ण बदला'ची मर्यादा काढून ठेवायची असते. आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे ही मर्यादा कमरेच्या मणक्यांना ५.३ टक्के आणि पूर्ण खुब्याला ५ टक्के यापेक्षा जास्त नसावी. काळजीपूर्वक काम करणाऱ्या केंद्रात ती ३ टक्क्यांच्या आसपास येते. बदल या मर्यादेच्या आत असेल तर वाढ झाली असंही म्हणू नये आणि घट झाली असंही म्हणू नये.

गवतफूल, खुब्याचा टी-स्कोअर ०.१ ने हलणं म्हणजे साधारण २ टक्के. तेवढ्यावरून गोळी बंद करायचा विषय काढू नका. आणि दोन्ही वेळा यंत्र एकच होतं ना? वेगळ्या कंपनीच्या यंत्रांचे आकडे थेट ताडून बघता येत नाहीत.

रानजाई, ग्रॅमचे आकडे देता का?

रानजाई

यंत्र तेच, केंद्र तेच. मणके (एल१ ते एल४, म्हणजे कमरेचे वरून पहिले चार) ०.७०६ होते, ते ०.७३९ झाले. पूर्ण खुबा ०.६०० होता, तो ०.६१३ झाला.

सुतारपक्षी

म्हणजे मणक्यांत ४.७ टक्के वाढ, खुब्यात २.२ टक्के. मणक्यांची वाढ खरी मानायला हरकत नाही, केंद्राची मर्यादा ३ च्या आसपास असेल तर. खुब्याला 'स्थिर' म्हणायचं.

हेच आकडे जरा पुढे नेऊन बघा. तुमच्या आकड्यांवरून दिसतंय की या यंत्रावर खुब्याच्या टी-स्कोअरचा एक पूर्ण अंक म्हणजे साधारण ०.१२ ग्रॅम. आईंचा खुबा ०.६०० पासून निघाला. उणे २.५ ची रेषा येते ०.६३७ ला, म्हणजे सुरुवातीपासून ६ टक्के वाढ. उणे २.० ला ०.६९८, म्हणजे १६ टक्के. आणि 'नॉर्मल'ची उणे १.० ची रेषा ०.८२० ला, म्हणजे ३७ टक्के. आता कुठलं औषध खुब्यात किती टक्के देतं ते डॉक्टरांनी सांगावं.

पारिजात७

सुतारपक्षी यांनी हिशोब मांडून माझं काम सोपं केलं. मी वैद्यकीय क्षेत्रात आहे, ऑस्टिओपोरोसिसचे रुग्ण नेहमी बघते. आईंना न तपासता त्यांच्यापुरता सल्ला देणार नाही, पण ध्येय कसं ठरवतात ते सांगते.

आधी औषधांची ताकद. ॲलेंड्रोनेटसारख्या गोळ्यांनी तीन वर्षांत मणक्यांत साधारण ६ ते ८ टक्के आणि खुब्यात ३ ते ५ टक्के वाढ दिसते. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रॉनिक ॲसिड जवळपास त्याच पट्ट्यात, किंचित वर. दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब दीर्घकाळ वाढवत राहतं. त्याच्या १० वर्षांच्या अभ्यासात मणक्यांत २१.७ टक्के आणि खुब्यात ९.२ टक्के वाढ नोंदली गेली. हाड नव्यानं घडवणारी औषधं म्हणजे टेरिपॅराटाइड आणि रोमोसोझुमॅब. रोमोसोझुमॅबच्या मोठ्या अभ्यासात एका वर्षात मणक्यांत १३ टक्के आणि खुब्यात ७ टक्क्यांच्या आसपास फरक पडला. टेरिपॅराटाइड मणक्यांत उत्तम, खुब्यात बेताचं.

आता हे वरच्या हिशोबाशेजारी ठेवा. खुब्यात ३७ टक्के देणारं औषध आज अस्तित्वात नाही. त्यामुळे उणे २.८ वरून निघालेल्या ७४ वर्षांच्या बाईंना 'नॉर्मल' हे ध्येय कुणी दिलं असेल, तर ते त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. १६ टक्के हेही एका औषधाच्या आवाक्याबाहेरचं. ६ टक्के मात्र गाठण्याजोगे आहेत. पैकी २ झाले, ४ उरले.

दुसरी बाजू विसरू नका. वय वाढताना उपचाराविना हाड दर वर्षी अर्धा ते एक टक्का झिजत राहतं, पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याहून जास्त. म्हणजे 'स्थिर' रिपोर्टमध्ये न झालेली झीज धरलेलीच असते, फक्त ती छापलेली नसते.

पहिल्या वर्षात जास्त आणि मग कमी वाढ का, हेही लोक विचारतात. हाड सतत जागोजागी उकरलं जातं आणि भरलं जातं. या गोळ्या नवं उकरणं रोखतात, त्यामुळे आधीचे उघडे खड्डे भरून निघतात आणि रस्ता झटक्यात सुधारलेला दिसतो. खड्डे भरून झाले की मोठी वाढ उरत नाही. तेव्हा तिसऱ्या-चौथ्या वर्षी आलेख सपाट झाला म्हणजे औषधाचा परिणाम संपला असं नाही.

सुतारपक्षी

याला जोडून एक. पहिल्या वर्षी आकडा घसरला म्हणून औषध बदलू नये, याचा पुरावा २००० सालीच प्रसिद्ध झालाय. ॲलेंड्रोनेटच्या मोठ्या चाचणीत ज्या स्त्रियांची घनता पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त घसरलेली दिसली, त्यांच्यातल्या बहुतेकींची दुसऱ्या वर्षी, तेच औषध चालू असताना, चांगली वाढली. ज्यांची पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त वाढली होती, त्यांची दुसऱ्या वर्षी थंडावली. मोजमापातल्या चढउताराचा हा स्वभावच आहे.

उत्तररंग

थोडं वेगळं मत मांडतो. हे सगळं ऐकताना 'जे मिळतंय त्यात समाधान माना' असा सूर लागतो आणि वयस्कर रुग्णांच्या बाबतीत तो फार लवकर लागतो. माझ्या पत्नीचे दोन मणके वर्षभराच्या आत दबले. तिला आधी अनेक वर्षं गोळीच दिली जात होती, 'आकडा स्थिर आहे' म्हणून. दुसऱ्या तज्ज्ञांनी हाड घडवणारं औषध आधी दिलं, मग टिकवणारं. आज तिचा मणक्यांचा आकडा उणे २.५ च्या वर आहे. ध्येय मोठं ठेवलं नसतं तर तिथवर पोचलोच नसतो. डायबिटीस किंवा रक्तदाबात आपण लक्ष्य ठरवून औषध वाढवतो, मग हाडांच्या बाबतीत का नाही?

पारिजात७

उत्तररंग, तुमचा मुद्दा मला मनापासून पटतो, आणि वैद्यकात विचार त्याच दिशेनं गेलाय. अमेरिकेतल्या हाडांच्या तज्ज्ञांच्या गटानं २०१७ मध्ये आणि मग सुधारून २०२४ मध्ये 'लक्ष्य ठेवून उपचार' याबद्दल भूमिका मांडली. त्यात भर खुब्याच्या टी-स्कोअरवर आहे. तो किमान उणे २.५ च्या वर यावा, जमेल तिथे उणे २.० च्या दिशेनं जावा. आणि मला त्यातला महत्त्वाचा वाटणारा भाग असा की, ठरावीक वर्षांत लक्ष्य गाठण्याची निदान निम्मी शक्यता नसेल, तर मुळात ते औषध पहिलं निवडू नये. सुरुवात फार खालून असेल किंवा हाड नुकतंच मोडलं असेल तर हाड घडवणाऱ्या औषधाचा विचार आधी करावा.

क्रमालाही फार महत्त्व आहे. आधी हाड घडवणारं आणि मग टिकवणारं, हा क्रम उत्तम चालतो. डेनोसुमॅब बंद करून टेरिपॅराटाइडवर गेलं तर खुब्यातलं हाड चक्क घटतं, हे २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं. तेव्हा 'आधी साधं घेऊ, जोरकस नंतर बघू' हे नेहमी सुरक्षित नसतं. रोमोसोझुमॅब मात्र वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेल्यांना देत नाहीत.

उणे २.० हा आकडा आला कुठून, तर डेनोसुमॅबच्या दीर्घ अभ्यासातून. खुब्याचा टी-स्कोअर जसा वर गेला तसं मणक्याव्यतिरिक्तच्या हाडांचं मोडणं कमी होत गेलं आणि उणे २.० ते उणे १.५ च्या दरम्यान तो फायदा सपाट झाला. त्यापुढे आकडा वाढवून हाती काही लागत नाही. म्हणजे सर्वात आशावादी ध्येयसुद्धा 'नॉर्मल'च्या बरंच अलीकडे थांबतं. हे तुम्ही आईंना जरूर सांगा.

आता घनता हेच सर्वस्व का नाही, त्याची दोन उदाहरणं.

सोडियम फ्लोराइड. १९९० साली त्याच्या चार वर्षांच्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. २०२ स्त्रिया, सगळ्यांना आधीच मणक्यांचं फ्रॅक्चर झालेलं. फ्लोराइड घेणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्के वाढली. आज कुठलंही औषध जे देऊ शकत नाही ते त्यानं दिलं. पण मणके मोडण्याचं प्रमाण लक्षणीय कमी झालं नाही आणि बाकीची हाडं उलट जास्त मोडली. वाढलेलं हाड निकस होतं.

उलट उदाहरण रॅलॉक्सिफीनचं. घनता वाढते जेमतेम २ ते ३ टक्के, पण १९९९ च्या चाचणीत मणके मोडण्याचं प्रमाण ३० ते ५० टक्क्यांनी कमी झालं. खुब्याचं फ्रॅक्चर मात्र त्यानं टळत नाही.

आजच्या मान्य औषधांच्या बाबतीत घनता जास्त वाढली की फ्रॅक्चर कमी, हा संबंध खरा आहे. पण थोड्या वाढीतून मिळणारं संरक्षण थोडंच असतं असं समजू नका. झोलेड्रॉनिक ॲसिडच्या २००७ च्या चाचणीत खुब्याची घनता प्लासिबोच्या (औषध नसलेल्या डोसच्या) तुलनेत ६ टक्के वर राहिली, आणि तीन वर्षांत मणक्यांची नवी फ्रॅक्चरं ७० टक्क्यांनी, खुब्याची ४१ टक्क्यांनी कमी झाली.

उत्तररंग

सविस्तर उत्तराबद्दल आभार. औषधाचा क्रम आधी विचारात घ्यावा एवढंच माझं म्हणणं होतं, ते आलं.

कृष्णकमळ

मी ८१ वर्षांची आहे, म्हणून रुग्णाच्या बाजूनं लिहिते. इथं सगळे आईंबद्दल बोलताहेत. रानजाई, त्यांना विचारलंत का, त्यांना काय हवंय?

माझं मनगट मोडलं, मग दोन वर्षांच्या आत मणका. आमच्या डॉक्टरीणबाईंनी आकडा सांगण्याआधी मला विचारलं, कशाची भीती वाटते. मी म्हटलं, मरणाची नाही, अंथरुणाला खिळण्याची. मग त्या म्हणाल्या की आपलं पहिलं ध्येय खुबा मोडू द्यायचा नाही हे. दुसरं, आणखी मणका दबू द्यायचा नाही, म्हणजे पाठीला बाक येणार नाही आणि श्वास घ्यायला, जेवायला त्रास होणार नाही. घनतेचा आकडा तिसरा. या क्रमानं मला फार बळ दिलं. आकडा माझ्या हातात नाही, पण जिन्याचा कठडा धरणं आहे, रात्री उठताना दिवा लावणं आहे, झोपेच्या गोळीला नाही म्हणणं आहे.

मला डेनोसुमॅब चालू आहे. ज्यांना ते चालू आहे किंवा होणार आहे त्यांना हात जोडून सांगते, सहा महिन्यांची तारीख चुकवू नका. बंद करायचंच असेल तर डॉक्टरांशी बोलून, पुढचं औषध ठरवून मगच करा. माझ्या ओळखीतल्या एकींनी 'आता आकडा सुधारला' म्हणून इंजेक्शन आपणहून थांबवलं आणि त्यांचे एकापाठोपाठ एक मणके दबले.

पारिजात७

कृष्णकमळ, तुमचा प्रतिसाद माझ्या रुग्णांना दाखवावा असा आहे. डेनोसुमॅबबद्दल तुम्ही लिहिलंत ते शब्दशः खरं आहे. त्याचा परिणाम ओसरला की हाडाची झीज उसळून येते, आणि मिळवलेली घनता वर्ष-दोन वर्षांत जवळजवळ सगळी जाते. शेवटच्या इंजेक्शनपासून सात महिन्यांच्या पुढे जाऊ नये. आकडा सुधारणं हे ते अचानक थांबवायचं कारण होऊ शकत नाही. ॲलेंड्रोनेट आणि झोलेड्रॉनिक ॲसिड हाडात मुरून राहतात, त्यामुळे त्यांना पाच किंवा तीन वर्षांनी थोडी विश्रांती देता येते, तीही खुबा उणे २.५ च्या वर असेल आणि फ्रॅक्चर झालेलं नसेल तरच. रानजाईंच्या आईंना उणे २.५ गाठण्याचा हा एक रोकडा फायदा आहे.

मध्यलय

फिजिओथेरपिस्ट म्हणून लिहिते. खुब्याची जवळपास सगळी फ्रॅक्चरं पडण्यातून होतात. त्यामुळे 'न पडणं' हे ध्येय कागदावर लिहिलेलं असावं, आणि ते मोजावं.

मी काय मोजते ते सांगते. खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का, आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून वळून परत बसायला किती सेकंद लागतात. एका पायावर किती वेळ उभं राहता येतं. हे आकडे काही महिन्यांत हलतात, डेक्सासारखी दोन वर्षं वाट बघावी लागत नाही. खचलेल्या माणसाला हाती लागणारी प्रगती दाखवता येणं फार मोलाचं असतं.

व्यायामानं घनता वाढते का? थोडी. ऑस्ट्रेलियातल्या २०१८ च्या एका चाचणीत, हाडं कमी असलेल्या उतारवयातल्या स्त्रियांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, देखरेखीखाली जड वजनांचा व्यायाम आठ महिने केला. त्यांच्या मणक्यांची घनता २.९ टक्के वाढली, दुसऱ्या गटाची १.२ टक्के घटली. पण हे वाचून घरी एकट्यानं वजनं उचलायला जाऊ नका. आधीच दबलेला मणका असेल तर पुढे वाकून उचलणं, कमरेतून पिळणं धोक्याचं. आधी मणक्यांचा एक्स-रे झालाय का बघा. रानजाई, आईंची उंची कमी झालीये का?

गवतफूल

ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम जास्त घेतलं तर आकडा लवकर चढेल का?

पारिजात७

नाही. ती पायाभरणी आहे. आहार आणि गोळ्या मिळून कॅल्शियम रोजचं १००० ते १२०० मिलिग्रॅम, ड जीवनसत्त्वाची रक्तातली पातळी पुरेशी, आणि प्रथिनं वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक ग्रॅम किंवा थोडी जास्त (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून). त्याहून जास्त घेऊन हाड वाढत नाही, मुतखडा होऊ शकतो. पण कमतरता असेल तर चांगलं औषधही लंगडं पडतं.

रानजाई

मध्यलय, तुमच्या प्रश्नानं बरंच काही घडलं.

आईची उंची भिंतीला लावून मोजली. तिच्या जुन्या कागदपत्रांत नोंदलेल्या उंचीपेक्षा ५ सेंमी कमी भरली. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी लगेच पाठीचा बाजूनं एक्स-रे काढायला लावला. एल१ मणका पुढच्या बाजूनं दबलेला आहे. आईला कधी दुखल्याचं आठवत नाही, "कंबर तर सगळ्यांचीच दुखते" म्हणाली.

आता मला भीती वाटतेय की गोळी चालू असताना हे झालं असेल. म्हणजे भाऊ बरोबर होता का? आणि सुतारपक्षी, एल१ दबला असेल तर ४.७ टक्के वाढ खरी की खोटी?

सुतारपक्षी

प्रश्न अगदी योग्य आहे. मणका दबला की तेवढंच खनिज कमी जागेत येतं, म्हणून घनता वाढलेली दिसते. संधिवातानं मणक्यांच्या कडांना आलेली वाढसुद्धा आकडा असाच फुगवते. म्हणूनच उतारवयात खुब्याचा आकडा जास्त भरवशाचा. दबलेला मणका हिशोबातून वगळायचा असतो.

पहिल्या रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर प्रत्येक मणक्याचा आकडा वेगळा दिलेला असेल. सहसा एल१ चा सगळ्यात कमी असतो आणि खाली जाताना तो वाढत जातो. दोन वर्षांपूर्वीच एल१ हा एल२ पेक्षा जास्त असेल, तर तो तेव्हाच दबलेला असण्याची दाट शक्यता आहे. दोन्ही वेळचे एल२ ते एल४ चे आकडे केंद्राकडून नव्यानं काढून घ्या, त्यांच्याकडे प्रतिमा साठवलेल्या असतात.

रानजाई

काढून घेतलं. पहिल्या रिपोर्टमध्येच एल१, एल२ पेक्षा जास्त होता. एल१ वगळून मणक्यांचा टी-स्कोअर आधी उणे ३.३ होता, आता उणे ३.० आहे. डॉक्टरांनी दोन्ही प्रतिमा बघून सांगितलं की फ्रॅक्चर उपचाराच्या आधीचंच दिसतंय.

रक्तात सीटीएक्सही (हाडाच्या झिजेचा निर्देशांक) तपासला, सकाळी उपाशीपोटी. तो चांगला खाली आलेला आहे, म्हणजे गोळी शोषली जातेय आणि काम करतेय.

पारिजात७

म्हणजे औषध निकामी ठरलेलं नाही. औषध फसलं असं कधी म्हणतात, तर उपचार नीट चालू असताना दोन किंवा अधिक फ्रॅक्चरं झाली, किंवा एक फ्रॅक्चर आणि त्यासोबत सीटीएक्ससारखे निर्देशांक न उतरलेले किंवा घनतेत खरी घट. यातलं काहीच इथे नाही. असं काही दिसलं, तर औषध बदलण्याआधी गोळी नीट घेतली जातेय का, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, पॅराथायरॉइड, मूत्रपिंड, स्टिरॉइडचा वापर हे सगळं तपासावं लागतं.

पण चित्र बदललंय हे खरं. मणक्याचं एक फ्रॅक्चर अंगावर असणं म्हणजे पुढच्या फ्रॅक्चरची जोखीम कितीतरी जास्त, घनता काहीही असो. तुमच्या भावाचा निष्कर्ष विचारात घेण्यासारखा आहे, त्याचं कारण मात्र हे फ्रॅक्चर आहे, डेक्सातला २ टक्क्यांचा आकडा नाही. डॉक्टर काय म्हणाले?

रानजाई

त्यांनी दोन पर्याय ठेवले. एक, गोळीच चालू ठेवायची आणि पाचऐवजी दहा वर्षांपर्यंत जाण्याची तयारी ठेवायची. दुसरा, दोन वर्षं टेरिपॅराटाइडचं रोजचं इंजेक्शन, मग पुन्हा टिकवणारं औषध. ध्येय त्यांनी स्पष्ट सांगितलं: नवं फ्रॅक्चर नाही, उंची आणखी कमी होणार नाही, आणि काही वर्षांत खुबा उणे २.५ च्या वर. उणे २.० चं वचन देणार नाही म्हणाले.

कृष्णकमळ यांचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला कुणाच्या आधाराशिवाय अंघोळ करता आली पाहिजे. त्यासाठी रोज सुई टोचायला लागली तरी चालेल." तिला इंजेक्शन घ्यायचंय. न्हाणीघरात धरायला दांडे बसवलेत. मध्यलय, खुर्चीतून उठण्याचा व्यायाम सुरू केलाय, पुढे न वाकता.

पारिजात७

उत्तम. टेरिपॅराटाइडपूर्वी रक्तातलं कॅल्शियम, पॅराथायरॉइड हे बघतील. पूर्वी कधी किरणोपचार झाले असतील तर जरूर सांगा, तसं असल्यास हे औषध देत नाहीत.

आणि एक गोष्ट आईंना आधीच सांगून ठेवा. आधी ॲलेंड्रोनेट घेतलेल्यांत टेरिपॅराटाइडच्या पहिल्या वर्षात खुब्याची घनता थोडी खाली जाते आणि मग सावरते. त्या काळात डेक्सा झाला आणि खुबा उणे २.८ दिसला, तर घाबरून औषध सोडू नये. मणक्यांत वाढ आधी दिसेल. दोन वर्षं झाल्यावर मात्र टिकवणारं औषध लगेच सुरू व्हायला हवं. मध्ये खंड पडला तर कमावलेलं निसटतं.

गवतफूल

सासूबाईंची उंची उद्याच मोजते. त्यांचे दोन्ही डेक्सा वेगवेगळ्या यंत्रांवरचे निघाले, त्यामुळे घटीचा विषय सध्या मिटला. गोळी चालू आहे.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. पुढचा डेक्सा त्याच केंद्रात, एल१ वगळून काढायला सांगितलंय, आणि फाइलवर तशी चिठ्ठी लावलीये. पारिजात७, पहिल्या वर्षातल्या घसरणीबद्दल आईला आजच सांगितलं. रिपोर्ट आला की आकडे इथेच टाकेन.